चाकावरचे बिऱ्हाड आणि तासगावची रेंज

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. आता माणसानेही आपले बिऱ्हाड चाकावर चढवले आहे. एका लांब मोटारीत निजायला दोन फळ्या, स्वयंपाकाला शेगडी, कोपऱ्यात मोरी, डोक्यावर पाण्याची टाकी. गाडी उभी राहील तिथे मुक्काम आणि मन होईल तेव्हा प्रस्थान. याला कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. तेव्हा उद्या अशी एखादी गाडी तुमच्या बांधावर येऊन उभी राहिली, तर नवल वाटून घेऊ नका.

तुम्ही म्हणाल, हे हौशी लोकांचे खेळ. आमच्या रामरगाड्यात त्याचे काय काम? पण वाचकहो, जरा थांबा. ही हौशी मंडळी गाडीतून उतरली की पाण्याची चौकशी करतात, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न विचारतात, ‘इथे नेट चालते का?’ गाडीत बसून नोकरीचे काम करणारे पुष्कळ असतात. त्यांचे नेट बंद पडले की फिरणेही बंद पडते. म्हणून त्यांनी या प्रश्नाचा बराच खटाटोप करून ठेवला आहे. आणि चाकावर बिऱ्हाड फक्त त्यांचेच असते असे थोडेच आहे? बेदाण्याच्या दिवसांत शेडवर राहायला जाणारे कुटुंब, गाडीबैल घेऊन आलेली ऊसतोड्यांची टोळी, मेंढरांमागे फिरणारा धनगराचा वाडा, हीही फिरती घरेच. हौशी माणसाचे नेट गेले तर त्याचा एक दिवस वाया जातो. आपल्या माणसाचे गेले तर पावसाचा इशारा हुकतो, घरचा निरोप हुकतो. म्हणून चला, अशा एका गाडीत बसून तासगाव तालुका फिरून येऊ, आणि वाटेत ही विद्या कोणत्या चार गोष्टींवर उभी आहे ते पाहून घेऊ.

पहिला मुक्काम : गणपतीच्या गावात

सांगलीहून तासगाव पंचवीसेक किलोमीटर. वाटेत कवठेएकंद लागते. दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या उत्सवात इथे जी आतषबाजी होते ती पाहायला लांबलांबून माणसे येतात. तिथून पुढे तासगावात शिरलात की लांबूनच गणपतीच्या देवळाचे सात मजली गोपूर दिसू लागते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ साली हे देऊळ बांधायला घेतले आणि १७९९ साली ते पुरे झाले. स्वाऱ्यांच्या निमित्ताने भाऊंनी कर्नाटकातली देवळे पाहिली होती. म्हणून दक्षिणेकडच्या धाटणीचे हे गोपूर आपल्या मुलखात उभे राहिले. इथला गणपती उजव्या सोंडेचा आणि उत्सव दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला देवाचा उंच रथ निघतो आणि हजारो हात दोर धरून तो ओढत काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात. चाकावरचे घर तासगावकरांना नवे नाही, असे गमतीने म्हणायला हरकत नाही.

गावात रेंजची अडचण सहसा नसते. पण पहिला धडा इथेच मिळतो. गाडीबाहेर उभे राहून फोन लावा, छान लागतो. आत येऊन दार ओढून घ्या, तोच फोन अडखळतो. कारण गाडी पत्र्याची. टॉवरहून येणारी लहर लोखंडाच्या डब्यात नीट शिरत नाही, ती काचेच्या वाटेने येते. पत्र्याच्या शेडचेही तसेच. म्हणून फोन किंवा राऊटर टॉवरच्या बाजूच्या खिडकीशी ठेवायचा, कपाटात किंवा फळीखाली ठेवायचा नाही. एवढ्यानेच निम्मे काम होते, आणि त्याला पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट मोजमापाची. फोनवरच्या रेघा पाहून रेंज जोखू नका. त्या रेघा प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने दाखवते. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ असे सदर असते. तिथे रेंजचा आकडा मिळतो. तो वजा चिन्हाने लिहिलेला असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. वजा ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, वजा १०० असेल तर कामचलाऊ, वजा ११० च्या पलीकडे गेला की बोलणे तुटते आणि नेट रडतखडत चालते. एका हातात फोन धरून शेडभोवती एक फेरी मारा, दर दहा पावलांवर थोडे थांबून आकडा पाहा. विहिरीचे पाणी पाहणारा माणूस जसा नारळ हातावर घेऊन रान फिरतो, तसेच हे, फक्त इथे आकडा बोलतो.

आणि रथाच्या दिवशी मात्र हा आकडा चांगला असूनही नेट चालणार नाही. कारण एका टॉवरची वाहून नेण्याची ताकद ठरलेली असते. एका पाटावर एकाच वेळी शंभर जणांनी दारे फोडली तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेल का? तसेच ते. रोजच्या दिवशीही रात्री आठ ते दहाच्या सुमारास सारा गाव फोनवर असतो तेव्हा वेग मंदावतो, आणि पहाटे तोच वेग भरून येतो. मोठा व्हिडिओ पाठवायचा, अर्ज भरायचा, कागद चढवायचा, तर पहाटे धार काढायला उठता तेव्हाच ते काम उरका.

दुसरा मुक्काम : येरळेकाठी उसाच्या फडात

तासगावहून पश्चिमेला निघालो की येरळेचे खोरे लागते. ही नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते, आणि पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तुरचीच्या बाजूला कारखाना, भोवती ऊस. जिथे कालव्याचे पाणी पोचले तिथे काळी जमीन हिरवी झाली.

इथे गाडी ओढ्याच्या खोलगटीत लावू नका. रेंज ही बहुतांशी सरळ रेषेत येते. मध्ये टेकाड आले, दाट झाडी आली, की तिची धार बोथट होते. डोक्याएवढा वाढलेला ऊसही ती अडवतो, आणि पावसाने पाने ओली असली की जास्तच अडवतो. गाडी पन्नास पावले वर, बांधाच्या उंचवट्यावर घेतली तर तीच रेंज दुप्पट वाटते. गाडीवाले ही युक्ती रोज करतात. मुक्कामाची जागा दिवस मावळण्याआधी ठरवतात, आणि सावलीइतकीच उंचीही पाहतात.

फडाच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या दिसतील. बीडकडची, जतकडची माणसे गाडीबैल नाहीतर ट्रॅक्टर घेऊन येतात आणि चार-सहा महिने इथलीच होऊन राहतात. गावाकडे म्हातारी माणसे, कधी शाळेसाठी मागे ठेवलेली मुले. दिवसाकाठी एकदा त्यांचा आवाज कानावर पडला की श्रम हलके होतात. २०२० साली करोनाने शाळा बंद पडल्या आणि वर्ग फोनवर आले, तेव्हा ज्या मुलांच्या कोपीत रेंज नव्हती त्यांची शाळा दुहेरी बंद होती. हे विसरून चालणार नाही.

अशा ठिकाणी गाडीवाल्यांचा दुसरा धडा उपयोगी पडतो, तो म्हणजे एका कंपनीवर विसंबू नये. एका टेकाडामागे एका कंपनीचा टॉवर दिसत नाही, तिथे दुसरीचा दिसतो. घरात दोन फोन असतील तर दोघांत वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे ठेवा. दोन सिमांचा एकच फोन असेल तरी चालेल. नवरा-बायको दोघांची एकच कंपनी म्हणजे दोन बैल आणि दोन्ही एकाच पायाने लंगडे. जिथे मुक्काम करायचा तिथल्या दुकानदाराला, पोस्टमनला, शाळेच्या गुरुजींना विचारा, ‘इथे कोणते कार्ड चालते?’ त्यांच्याइतके पक्के उत्तर दुसरीकडे मिळत नाही. टेलिफोन कंपन्यांनी आपल्या रेंजचे नकाशे २०२५ पासून संकेतस्थळांवर मांडले आहेत, आणि ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर टॉवर कोठे आहेत ते दिसते. घरातल्या शिकत्या मुलाला ते काढून दाखवायला सांगा.

एक सावधगिरी. फिरत्या गाडीत सिम घालायचा छोटा राऊटर ठेवतात. त्याने घरभर वायफाय होते. पण बँकेत नोंदवलेल्या नंबराचे सिम त्या राऊटरमध्ये घालू नका. बँकेचा ओटीपी त्या सिमवर येतो आणि डब्यातच बसून राहतो. तुमचे पैसे अडतात. राऊटरला दुसरे सिम, आणि बँकेचे सिम आपल्या खिशातल्या फोनात.

तिसरा मुक्काम : द्राक्षाच्या मांडवाखाली

आता पूर्वेला वळू. मणेराजुरी, सावळज, अग्रणी नदीचा परिसर. इथली जमीन हलकी, माळ मोठे, पाऊस बेताचा. पण याच रानाने देशाला द्राक्षे खाऊ घातली. थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेले ‘तास-ए-गणेश’ हे वाण तासगावचे आणि इथल्या गणपतीचे नाव घेऊन सगळीकडे गेले. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हैसाळ योजनेचे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून दुष्काळी टापूकडे आणले, त्यानेही या भागाला आधार दिला.

माघ-फाल्गुनात इकडे आलात तर माळावर ओळीने बेदाण्याच्या शेडी दिसतील. चारी बाजूंनी मोकळ्या, आत जाळीचे मजल्यावर मजले, त्यावर पसरलेली द्राक्षे. कोरडी हवा वाहते तोवर काम सुरेख चालते. पंधरवड्यात माल तयार होतो. पण याच दिवसांत वळवाचे ढग आले, तर शेडीच्या बाजूचे पडदे वेळेत सोडावे लागतात. नाहीतर माल काळवंडतो आणि वर्षाची कमाई भावात मार खाते. इथे अर्ध्या तासाच्या आगाऊ सूचनेला मोल आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे अॅप काढले आहे. आसपास वीज पडत असेल तर ते कळवते. पण शेडीवरच्या फोनला रेंजच नसेल, तर तो इशारा गावातल्या घरी पडून राहणार. ई-पीक पाहणीचेही तेच. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने आपल्या फोनवर करायची आहे, आणि फोटो शेतात उभे राहूनच काढायचा आहे. म्हणजे नेट आता चावडीवर असून भागत नाही, बांधावर लागते.

मांडवाखाली रेंज का मिळत नाही, हेही समजून घ्या. डोक्यावर लोखंडी अँगल, तारांचे जाळे आणि त्यावर पानांचे छत. फोन लावायचा तर ओळीच्या टोकाला या, वाटेवर उभे राहा. आणि शेडीसाठी फिरत्या गाडीवाल्यांचा तिसरा धडा घ्या, तो म्हणजे उंची.

सर्वांत सोपी युक्ती अशी. एक जुना फोन घ्या, त्यात चांगले चालणारे सिम घाला, हॉटस्पॉट चालू करा आणि तो शेडीच्या वरच्या मजल्यावर, टॉवरच्या बाजूला, सावलीत ठेवा. तापलेल्या पत्र्याला चिकटून ठेवू नका, फोन तापला की बंद पडतो. खाली तीस-चाळीस फुटांपर्यंत तुमच्या हातातल्या फोनाला त्याचे वायफाय मिळते. अधिक हवे असेल तर बाहेरची अँटेना जोडता येते असा राऊटर घ्यावा आणि दहा-बारा फुटी पाइपावर टॉवरकडे तोंड करून अँटेना बांधावी. जिथे मुक्काम पंधरा दिवसांचा आहे तिथे एका दिशेला पाहणारी अँटेना बरी, कारण ती लांबचे ओढून आणते. चालत्या गाडीच्या टपावर मात्र चोहीकडून घेणारी लागते, कारण गाडी वळली की टॉवर उजवीकडचा डावीकडे जातो. अँटेनापासून राऊटरपर्यंतची वायर जितकी तोकडी तितकी बरी. लांब वायरीत मिळवलेली रेंज मुरते, जसे कच्च्या पाटात पाणी मुरते.

वीज कडाडू लागली की पाइपाला हात लावू नका. ढग दाटायच्या आधीच अँटेना खाली उतरवून ठेवा. माळावर उभा केलेला लोखंडी पाइप म्हणजे विजेला दिलेले आमंत्रण.

बाजारात आणखी एक वस्तू मिळते, ‘मोबाईल बूस्टर’. विकणारा सांगतो, भिंतीवर लावा, रेंज पाचपट. वाचकहो, तिच्या वाटेला जाऊ नका. परवान्याशिवाय असा बूस्टर लावणे आपल्या देशात बेकायदा आहे. शिवाय तो टॉवरला गोंधळात टाकतो, आणि आजूबाजूच्या शंभर जणांचे फोन बिघडवतो. स्वतःच्या राऊटरला अँटेना जोडणे वेगळे, आणि लहरच वाढवून पुन्हा हवेत सोडणे वेगळे.

विजेचा हिशेब

चौथा धडा वीजपुरवठ्याचा. आपल्याकडे लाइट कधी येते आणि कधी जाते, हे तुम्हाला सांगायला नको. फिरत्या गाडीत तर लाइट नसतेच. तेव्हा हिशेब मांडावा लागतो. राऊटर साधारण १० वॅट घेतो. चोवीस तास चालला तर २४० वॅट-तास, म्हणजे पाव युनिट. दोन फोनांना मिळून तीसेक. एक छोटा बॅटरीवरचा पंखा रात्रभर चालवला तर दीडशेच्या आसपास. एकूण अर्ध्या युनिटाच्या आतबाहेर.

१२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. पण साध्या अॅसिडच्या बॅटरीतले निम्मेच वापरावे. रोज तळ गाठला तर ती लवकर मरते. म्हणजे हातात ६०० उरले, एका दिवसाला पुरेसे. ती परत भरायला सूर्य आहे. आपल्या कोरड्या माळावर निरभ्र दिवशी १०० वॅटच्या सोलर पाट्यापासून ४०० वॅट-तासांच्या आसपास मिळतात. दोन पाटे असले की ढगाळ दिवसाचीही सोय होते. पाट्यावर धूळ बसू देऊ नका. बेदाण्याच्या शेडीभोवती आणि बैलगाडीच्या वाटेवर ती भरपूर असते.

राऊटर १२ व्होल्टवर थेट चालत असेल तर मध्ये इन्व्हर्टर घालू नका. बॅटरीची वीज आधी २३० करायची आणि मग अॅडॅप्टरने पुन्हा १२ करायची, यात बरीच वीज नुसती गरम होऊन जाते. आणि एक ध्यानात असू द्या, तुमची बॅटरी भरलेली असली तरी टॉवरची रिकामी होऊ शकते. गावची लाइट पुष्कळ तास गेली की टॉवरही गप्प होतो. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे सिम कामी येते, कारण तिचा टॉवर दुसऱ्या गावच्या लाइनीवर असू शकतो.

डेटाही धान्यासारखा मापून खर्चावा. नुसता निरोप आणि बोलणे यांना फार थोडा लागतो. व्हिडिओ मात्र तासाला एक जीबीच्या आसपास गिळतो. रोजच्या दीड-दोन जीबीत मुलांनी दुपारीच सिनेमा पाहिला, तर संध्याकाळी पावसाचा अंदाज उघडायला वेग उरत नाही. रोजचा वाटा संपला की पुढचे नेट गोगलगायीसारखे चालते. म्हणून कामाचे सिम निराळे ठेवलेले बरे.

शेवटचा मुक्काम : उंच माळावर

परतताना दंडोबाच्या डोंगराकडे वळा. भोसे गावाजवळून वर जायला वाट आहे. डोंगरात कोरलेले देऊळ, भोवती वनखात्याने जपलेली झाडी, आणि वरून दिसणारा सारा मुलूख. एकीकडे कृष्णाकाठची हिरवाई, दुसरीकडे द्राक्षांचे चौकोन आणि त्यांच्यामध्ये माळाचे पिवळे तुकडे. डोंगर वर चढणाऱ्याला रेंज देतो आणि पायथ्याशी त्याच्या सावलीत राहणाऱ्याची अडवतो, हे इथे उभे राहिले की नीट कळते. कित्येक वस्त्यांना रेंज का नाही, याचे उत्तर अशा डोंगराच्या आडोशात असते.

अशा वस्त्यांसाठी आता आभाळातून येणाऱ्या नेटची चर्चा आहे. स्टारलिंक या कंपनीला आपल्या देशात २०२५ साली परवाना मिळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने तिच्याशी इरादापत्र केले. त्याला टॉवर नको, मोकळे आभाळ हवे. झाडाखाली किंवा कड्याच्या कुशीत तेही चालत नाही, आणि त्याची तबकडी राऊटरपेक्षा कितीतरी जास्त वीज घेते. तेव्हा वरचा विजेचा हिशेब तिथेही सुटत नाही.

आता मुख्य गोष्ट. चांगले नेट दुकानातून बांधून आणता येत नाही. जागा, उंची, दोन कंपन्या आणि स्वतःची वीज, या चारांची सांगड घालावी लागते. येत्या हंगामात शेडीवर बिऱ्हाड हलवण्याआधी आठ दिवस, एक संध्याकाळ काढा. शेतात फोन घेऊन फिरा, आकडे वहीत लिहा, दोन्ही सिमांचे. सर्वांत चांगल्या जागी खुंटी ठोका आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवा की अडचणीच्या वेळी फोन इथे येऊन लावायचा. तुमच्या उसात टोळी उतरली असेल, तर मुकादमालाही ती खुंटी दाखवा, आणि त्यांचे फोन भरायला एक बोर्ड मोकळा ठेवा. त्याचे बिल किरकोळ येते.

आणि एखादी कॅराव्हॅन वाट चुकून तुमच्या बांधावर आली, तर तिला सपाट जागा दाखवा, पाणी द्या, आणि ‘नेट चालते का’ म्हणून विचारले तर ‘आहे की!’ असे मोघम सांगू नका. वहीतला आकडा सांगा. खरी माहिती मिळाली की पाहुणा पुन्हा येतो, आणि जाताना बेदाण्याच्या दोन पेट्याही घेऊन जातो.